मांजरासाठीं दुसरें घर

नभोवाणीवर बोलावयास आलेल्या डॉक्टरानें हृदयविकार, मधुमेह किंवा निदान पडसें-खोकला असा एखादा भारदस्त विषय निवडावा, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज मांजरांविषयीं बोलणार आहें. विषय ऐकून कोणी हसलें तर माझी तक्रार नाहीं. परंतु माझ्या दवाखान्यांत आईबाप जे प्रश्न खालच्या आवाजांत, मूल बाहेर गेल्यावर विचारतात, त्यांत "डॉक्टर, आतां मांजराचें काय करावें?" हा प्रश्न वारंवार येतो. घरांत कोणाला दमा जडतो, कोणा सुनेला दिवस राहतात, कोणा आजोबांवर मोठी शस्त्रक्रिया होते, आणि साऱ्यांची दृष्टि प्रथम जाते ती खिडकींत ऊन खात बसलेल्या मांजराकडे.

ह्या प्रश्नाला मीं एकदां फार घाईनें उत्तर दिलें होतें. त्या घाईची हकीकत आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येऊं लागला. रात्रीं खोकल्याची उबळ, पहांटे छातींत शीळ घातल्यासारखा आवाज, खेळतांना धाप लागणें, अशीं दम्याचीं सर्व लक्षणें स्पष्ट होतीं. घरीं दोन मांजरें होतीं. एक पिवळा बोका आणि एक पांढरी मांजरी. दोन्हीं मुलाच्या अंथरुणांत निजत. हें ऐकतांच मी चिठ्ठी लिहितां लिहितां, मानही वर न करतां म्हणालों, "मांजरें आधीं घराबाहेर काढा." कोठें काढावयाचीं, कशीं काढावयाचीं, कोणाच्या हातीं द्यावयाचीं, ह्यांविषयीं मीं एक शब्दही उच्चारला नाहीं. मुलगा समोरच्या खुर्चीवर बसून सर्व ऐकत होता, हेंही माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

वडील सरळ स्वभावाचे गृहस्थ. त्यांनीं येत्या रविवारीं बोक्याला पोत्यांत घातलें आणि मासळीबाजाराच्या मागें नेऊन सोडलें. मांजरी मात्र हातीं लागली नाहीं. ती माळ्यावर जाऊन बसली. एक तर गेलें, आतां पाहूं या काय गुण येतो तो, असें घरांत ठरलें. महिना उलटला तरी म्हणण्यासारखा गुण आला नाहीं. त्यानंतर मुलाचा खोकला कमी झाल्यासारखें आईला वाटूं लागलें, कारण तो तक्रार करीनासा झाला होता. आणि एके रात्रीं दोन वाजतां, ओठ निळे पडलेल्या स्थितींत त्याला इस्पितळांत आणावें लागलें. प्राणवायु दिला, फवाऱ्याचें औषध दिलें. पहांटेच्या सुमारास श्वास ठिकाणावर आला. मीं त्याला विचारलें, "अरे, इतकें होईपर्यंत आईला हांक कां मारली नाहींस?" तो हळूच म्हणाला, "डॉक्टरकाका, मी खोकलों असतों तर बाबांनीं मनीलाही नेलें असतें."

गेले कित्येक दिवस तें मूल उशींत तोंड खुपसून खोकत होतें.

श्रोतेहो, दम्याच्या रोग्यानें आपला त्रास लपवावा, ह्यासारखी धोक्याची गोष्ट नाहीं. आणि त्या मुलाला ती लपवावयास मीं शिकविलें होतें. मांजर उंबऱ्याबाहेर गेलें कीं काम संपलें, अशी माझी समजूत होती. ही समजूत शास्त्राच्या दृष्टीनेंही चुकीची आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेंही. ती कशी, हें आतां क्रमानें पाहूं.

एखाद्याला शेंगदाणा सोसत नाहीं, एखाद्याला कोळंबी सोसत नाहीं. ह्याला आपण वावडें म्हणतों. व्हिएन्ना येथील डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनीं १९०६ सालीं शरीराच्या अशा विपरीत प्रतिक्रियेला अॅलर्जी हें नांव दिलें. जो पदार्थ इतरांना निरुपद्रवी, त्यालाच एखाद्याचें शरीर शत्रु समजतें आणि त्याच्याशीं झुंजूं लागतें. त्या झुंजींत नाक वाहतें, डोळे खाजतात आणि दम्याच्या रोग्याच्या श्वासनलिका आवळल्या जातात.

मांजराचें वावडें म्हणजे त्याच्या केंसांचें वावडें, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः दोष केंसांचा नाहीं. मांजराच्या लाळेंत आणि त्वचेंतील तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होतें. शास्त्रज्ञ त्याला 'फेल डी १' म्हणतात. मांजर दिवसाकाठीं अनेकदां अंग चाटतें. लाळ केंसांवर सुकते. तिचे आणि त्वचेच्या कोंड्याचे कण घरभर उडतात. त्यांपैकीं कांहीं कण इतके बारीक असतात कीं, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील पांच भागही त्यांना भरत नाहींत. असे कण तासन् तास हवेंत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसांत उतरतात. शिवाय ते चिकट असतात. पडदे, गाद्या, सतरंज्या, लोकरी कपडे ह्यांना ते धरून राहतात आणि माणसांच्या कपड्यांवरून प्रवासही करतात. ज्या घरांत कधीं मांजर नव्हतें तेथें आणि शाळांच्या वर्गांतसुद्धां हें प्रथिन आढळलेलें आहे.

आतां ह्याचा व्यावहारिक अर्थ काय तो पाहा. मांजर गेलें तरी त्याचें हें प्रथिन घरांतच राहतें. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत, मांजर काढून टाकलेल्या घरांतील धूळ आठवड्यामागून आठवडे तपासली गेली. त्या प्रथिनाचें प्रमाण बिनमांजराच्या घराइतकें खालीं यावयास बहुतेक ठिकाणीं २० ते २४ आठवडे, म्हणजे जवळजवळ पांच महिने लागले. कांहीं घरांत तर त्याहूनही अधिक. मात्र जेथें गालिचे व कापडी आसनें हलविलीं गेलीं, तेथें तें लवकर उतरलें. माझ्या रोग्याच्या घरीं बोका गेला, परंतु त्याची गादी, त्याच्या लाळेचे कण आणि शिवाय दुसरें मांजर तेथेंच होतें. महिन्याभरांत गुण कोठून येणार? तेव्हां "मांजर आठ दिवस शेजारीं ठेवून पाहूं, खोकला थांबला तर मांजर दोषी, नाहीं तर निर्दोष," ही लोकप्रिय परीक्षा अगदींच निरुपयोगी आहे. तिच्यांत दोषी मांजर सुटतें आणि मुलाचा दमा तसाच राहतो.

ह्याच्या उलट, निर्दोष मांजराला शिक्षा होण्याचे प्रसंगही थोडेथोडके नाहींत. आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. एका घरीं श्राद्धाच्या दिवशीं मांजर पायांत पायांत येई, म्हणून त्याला टोपलीखालीं झांकून ठेवीत. पुढच्या पिढीला कारण ठाऊक नव्हतें. श्राद्ध आलें कीं तीं मंडळी गांवभर मांजर शोधीत हिंडूं लागलीं. आजाराच्या बाबतींतही आपलें असेंच होतें. धाप लागली कीं मांजराला टोपलीखालीं घालावयाचें, एवढेंच आपण शिकलों आहों. कारण तपासण्याची तसदी आपण घेत नाहीं.

आपल्या हवेंत दम्याला चिथावणारे आरोपी पुष्कळ आहेत. गाद्या-उशांतील धुळींत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. घरच्या धुळीच्या वावड्याचें मूळ त्यांत आहे, हें डच संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. मोरींतील झुरळें, पावसाळ्यांत भिंतींवर येणारी बुरशी, डांसांसाठीं रात्रभर जळणारी कॉइल, देवघरांतील उदबत्ती आणि घरांतील कोणाचें धूम्रपान, ह्या सर्वांचा जाबजबाब घेतल्यावांचून एकट्या मांजरावर निकाल देणें हा न्याय नव्हे. त्वचेवर निरनिराळ्या पदार्थांचे थेंब ठेवून अलगद टोचून पाहण्याची एक परीक्षा आहे. रक्ताचीही परीक्षा आहे. परंतु केवळ परीक्षेंत डाग उठला म्हणूनही निर्णय पुरा होत नाहीं. तो डाग आणि रोग्याचीं लक्षणें ह्यांचा मेळ बसला पाहिजे. मूल मामाकडे पंधरा दिवस राहिलें असतां त्याची धाप थांबते काय, मांजर मांडीवर घेतल्यावर डोळे लाल होतात काय, त्रास पावसाळ्यांतच वाढतो काय, ह्या गोष्टी एका वहींत टिपून डॉक्टरांना दाखवाव्या.

मांजर दोषी ठरलें तरी प्रत्येक वेळीं त्याला निरोपच द्यावा लागतो असें नाहीं. त्रास नुसता शिंकांपुरता असेल, तर निजण्याची खोली मांजराला कायमची बंद करणें, चादरी व अभ्रे दर आठवड्याला चांगल्या कढत पाण्यांत धुणें, सतरंज्या व जाड पडदे कमी करणें, ओल्या फडक्यानें पुसणें आणि औषध नियमित घेणें, एवढ्यानें पुष्कळांचें भागतें. बोक्याची नसबंदी केल्यास हें प्रथिन कमी होतें. मांजराला न्हाऊं घातल्याचा उपयोग मात्र दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाहीं, आणि त्या स्नानाचे ओरखडे त्याहून अधिक दिवस टिकतात.

परंतु दमा खरोखर तीव्र असेल, मांजराचें वावडें निश्चित झालेलें असेल आणि औषधें चालू असूनही झटके येत असतील, तर भीड धरूं नये. अशा वेळीं मांजराला दुसरें घर पाहणें हेंच योग्य. "आमच्या घरांत तें दहा वर्षें आहे" हें उत्तर प्रेमळ आहे, परंतु तें फुप्फुसांना ऐकूं येत नाहीं. माणसाच्या श्वासाशीं तडजोड नाहीं. तडजोड करावयाची ती आपल्या सोयीशीं आणि आळसाशीं.

दुसरा प्रसंग गरोदरपणाचा. बाळाचें रक्षण करणारी षष्ठीदेवी आपल्या परंपरेंत मांजरावर बसून येते; आणि घरांत बाळ येणार म्हटलें कीं आपण मांजराला हांकलून देतों. ह्या भीतीला आधार आहे, पण तो अर्धवट समजलेला आहे. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म परोपजीवी जीव १९०८ सालीं सांपडला. मांजराच्या विष्ठेंतून तो बाहेर पडतो, हें मात्र १९७० च्या सुमारास उलगडलें. गरोदरपणांत त्याची पहिलीच लागण झाली तर गर्भाच्या डोळ्यांना व मेंदूला इजा होऊं शकते. म्हणून हा विषय हंसण्यावारी नेण्याचा नाहीं. पण तपशील नीट ऐका. मांजर हा जीव बहुधा आयुष्यांत एकदांच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे बाहेर टाकतें. विष्ठेंतील हा जीव रोगकारक व्हावयास किमान एक दिवस जावा लागतो. म्हणजे मांजराची मातीची पाटी रोजच्या रोज, आणि गरोदर स्त्रीवांचून दुसऱ्या कोणीं साफ केली, तर धोका फारच कमी होतो. शिवाय ही लागण अर्धकच्च्या मांसांतून, न धुतलेल्या भाजींतून आणि बागेच्या मातींतूनही होते. मांजर हांकलून दिलें आणि कोथिंबीर न धुतां चिरली, तर काय साधलें? मांजराला कच्चें मांस देऊं नये, ह्या नऊ महिन्यांत रस्त्यावरचें नवें पिल्लूं घरीं आणूं नये, माती हाताळतांना हातमोजे घालावे, हात साबणानें धुवावे आणि रक्ततपासणीविषयीं डॉक्टरांना विचारावें. एवढें केल्यावर घरच्या जुन्या मांजराला निरोप देण्याचें कारण सामान्यतः उरत नाहीं.

ज्यांची प्रतिकारशक्ति क्षीण झालेली आहे, म्हणजे ज्यांना कर्करोगाचीं औषधें चालू आहेत किंवा ज्यांच्यावर मूत्रपिंडरोपण झालें आहे, त्यांनींही हीच काळजी घ्यावी. त्यांनीं मांजराला ओरबाडूं देऊं नये आणि त्याच्या अंगावर पिसवा होऊं देऊं नयेत. कारण ओरखड्यांतून एक विशिष्ट ज्वर येतो व तो पसरविण्यांत पिसवांचा हात असतो. रेबीजची लस तर प्रत्येक घरच्या मांजराला टोचलेली असावीच.

आतां, सर्व विचार करून मांजर देण्याचेंच ठरलें, तर तें कसें द्यावें?

पोतें आणि मासळीबाजार हा आपल्याकडचा जुना मार्ग. तेथें त्याला खावयास मिळेल, अशी आपण स्वतःची समजूत घालतों. मांजर डोळे मिटून दूध पितें असें आपण म्हणतों. येथें डोळे मिटणारे आपण असतों. बाजारांतील मांजरांनीं आपापली हद्द वांटून घेतलेली असते आणि नवख्याला तीं तेथें टिकूं देत नाहींत. गादीवर वाढलेल्या मांजराला ना झुंज ठाऊक, ना मोटारींचा रस्ता. आणि ज्यांना माणुसकीचा युक्तिवाद पुरेसा वाटत नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों कीं, प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, उपासमार किंवा तहान ह्यांमुळें यातना होतील अशा स्थितींत जनावराला योग्य कारणावांचून सोडून देणें हा गुन्हा आहे.

घर शोधावयास वेळ लागतो, हें प्रथमच गृहीत धरावें. तेवढे दिवस मांजराला रोग्याच्या खोलीपासून दूर ठेवतां येतें. प्रथम आप्तेष्ट आणि स्नेही पाहावे; कारण तेथें पुढेंही विचारपूस करतां येते. देण्यापूर्वीं नसबंदी व लसी उरकून घ्याव्या. मांजरी सुमारें नऊ आठवड्यांत विते. आज दिलेलें एक मांजर तीन महिन्यांत पांच होऊन तुमच्या आप्तांच्या दारीं उभें राहूं नये. मांजराच्या खोडी लपवूं नयेत. तें पडदे फाडतें, कीं लहान मुलांना बोचकारतें, कीं पहांटे चारला उठवितें, हें आधींच सांगावें. खोडी ठाऊक असून जो नेतो तोच ठेवून घेतो. बरोबर वाढलेलीं दोन मांजरें शक्यतों एकाच घरीं द्यावीं.

नव्या घरचें स्वयंपाकघरही पाहावें. दूध-पोळीवर मांजर जगतें, ही समजूत खोटी आहे. टॉरीन नांवाचें एक द्रव्य त्याला स्वतःच्या शरीरांत पुरेसें बनवितां येत नाहीं; तें मांस-मासळींतून किंवा तें मुद्दाम घातलेल्या तयार खाद्यांतून मिळावें लागतें. तें न मिळाल्यास डोळ्यांचा आंतील पडदा झिजतो, हें १९७५ सालीं दिसून आलें. हृदयही दुर्बळ होतें, हें १९८७ सालीं दिसून आलें. ज्या घरीं मासळीचा वासही चालत नाहीं, तेथील मंडळींनीं निदान तयार खाद्य देण्याचें कबूल करावें; नाहीं तर प्रेमळ माणसांच्या घरींही मांजराचे हाल होतील.

मांजरी आपल्या पिल्लांना सात घरें दाखविते म्हणतात. पण तीं घरें तिनें स्वतः पाहिलेलीं असतात. आपण एकाएकीं आठव्या घरांत नेऊन ठेवलेलें मांजर पहिले कित्येक दिवस कपाटाखालून बाहेर येत नाहीं. म्हणून त्याच्याबरोबर त्याची न धुतलेली गोधडी, त्याची ताटली आणि त्याच्या पाटींतील थोडी माती द्यावी. ओळखीचा वास हाच त्याचा धीर. आरंभीं त्याला एकाच खोलींत ठेवावें, जुन्याच वेळां खावयास घालावें आणि तीन-चार आठवडे घराबाहेर सोडूं नये. नाहीं तर तें जुन्या घराच्या वाटेला लागतें आणि वाटेंत हरवतें. आठवड्यानें, महिन्यानें चौकशी करावी. आणि नाहींच जमलें तर तें परत घेऊन दुसरें घर शोधण्याची तयारी ठेवावी.

इकडे आपल्या घरीं खरें काम त्याच दिवशीं सुरू होतें. गाद्यांचे अभ्रे, पडदे, सतरंज्या धुवाव्या, मांजर बसत असे तें आसन काढून टाकावें, भिंती पुसाव्या. आणि औषध चालू ठेवावें. पांच महिन्यांचा हिशेब आपण पाहिलाच आहे. मांजर गेलें म्हणून इन्हेलर बंद करणें हा आत्मघात होईल.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील मुलांना खरें सांगावें. मांजर 'पळून गेलें' असें सांगूं नये. 'तुझ्यामुळें गेलें' असेंही कोणाच्या तोंडून निघूं देऊं नये. दोष मुलाचा नाहीं आणि मांजराचाही नाहीं. दोघांचें एका छपराखालीं जमत नाहीं, एवढेंच.

त्या मुलाच्या तपासणींत धुळींतील किड्यांचें आणि मांजराचें, अशीं दोन्हीं वावडीं निघालीं. ह्या खेपेस मीं त्याच्याशींच बोललों. "मनी कोठें राहिली तर तुला चालेल?" असें विचारलें. पुष्कळ विचार करून तो म्हणाला, "आत्याकडे." आत्याचें घर दुसऱ्या गांवीं, मागें परसू असलेलें. तिनें हो म्हटलें. टोपलींत गोधडी मुलानें स्वतः घातली. तोंडाला फडकें बांधून, वडिलांबरोबर तो तिला पोंचवावयास गेला. पुढें दर आठवड्याला आत्याचा फोन येई आणि मनी काय करते तें ती सांगे. दिवाळीच्या सुमारास आई म्हणाली, "आतां खोकला आला कीं तो स्वतः येऊन सांगतो." औषधाच्या गुणापेक्षां मला ह्या वाक्याचा आनंद अधिक झाला.

पिवळ्या बोक्याचा मात्र पत्ता लागला नाहीं. वडील पुढें तीन वेळां मासळीबाजारांत जाऊन आले. त्याबद्दल मुलानें मला कधीं कांहीं विचारलें नाहीं. पण तेव्हांपासून, "मांजर द्यावें लागेल" असें सांगण्याची वेळ आली कीं मी चिठ्ठी बाजूला ठेवतों, मान वर करतों आणि आधीं विचारतों, "कोणाकडे द्याल?" त्याचें उत्तर मिळेपर्यंत माझें औषध अर्धेंच लिहून झालेलें असतें.